काळ्या कापडावरचा चुना

मशीनने तिसऱ्यांदा नकार दिला तेव्हा काउंटरमागची मुलगी म्हणाली, "मॅडम, थंब येतच नाहीये. एकदा हात पुसून ट्राय करा ना." श्यामलाबाईंनी पर्समधला रुमाल काढून अंगठा पुसला आणि पुन्हा त्या इवल्याशा लाल उजेडावर ठेवला. नव्या सिमकार्डासाठी आधारचा ठसा हवा होता, काम एवढंच. अकराच्या आत आपल्या दवाखान्यात पोचायचं म्हणून त्या घरून जरा लवकर निघाल्या होत्या. "आणि इतकं जोरात नका ना दाबू," मुलगी हसत म्हणाली, "काच फुटेल आमची." श्यामलाबाईंनी अंगठ्याकडे पाहिलं. नखाखालचा भाग पांढराफटक पडला होता, मनगटाची शीर ताठली होती. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांनी बोट नुसतं टेकवलं होतं. ठसा उमटत नाही याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. गोळ्यांनी बोटांवरच्या रेषा पुसट होतात हे कॅन्सरच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण आपण दाबतोय हे आपल्यालाच कळू नये, आणि ते एका बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीने हसत हसत सांगावं, हे त्यांना सोसवेना. "राहू दे, नंतर येईन," असं म्हणून त्या दुकानाबाहेर पडल्या आणि दवाखान्याच्या दिशेने चालू लागल्या.

घरी हे सांगायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच चौकात ठरवून टाकलं. नवऱ्याला, गोपाळकृष्णांना, सांगितलं असतं तर पेपरातून मान वर न करता ते म्हणाले असते, "सरकारलाही तुझी ओळख पटेना म्हणायची. मला तरी चाळीस वर्षांत कुठे पटली!" माणूस वाईट नव्हता. कॉलेजातल्या ग्रंथपालाच्या नोकरीत जन्म गेल्यामुळे बोलणं तेवढं मोजकं आणि कोरडं झालं होतं. आतड्यातली गाठ काढल्यावर सहा महिने गोळ्या आणि सलाईनमधून औषध चालू होतं, तेव्हा दर खेपेला हाच माणूस शेजारच्या स्टुलावर शब्दकोडं घेऊन बसून राहिला होता, आणि आडवे-उभे शब्द त्यांना विचारत होता, उत्तरं स्वतःला येत असूनसुद्धा. त्या औषधाने गाठीचं मूळ गेलं. जाताना बोटांची शेवटची पेरं सोबत घेऊन गेलं. आधी मुंग्या, मग थंड पाण्यात हात घातला की सुया, मग एक दिवस काहीच नाही. "वर्षभरात येईल परत," डॉक्टर म्हणाले होते. वर्ष उलटून गेलं होतं. गोपाळकृष्णांनी एकदा विचारलं, "बोटं कशी आहेत?" तेव्हा श्यामलाबाई "बरी आहेत" म्हणाल्या, आणि त्यांनी ते खरं मानलं. चाळीस वर्षं जिने कधी थाप मारली नाही तिच्यावर माणूस विश्वास ठेवणारच. आमटीत मीठ दोनदा पडलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "आज समुद्रकिनाऱ्यावर आहोत वाटतं." चिमटीत किती मीठ आलं ते कळेनासं झालंय, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

श्यामलाबाई मात्र स्वतःची परीक्षा घेत राहिल्या होत्या. बसमध्ये पर्समध्ये हात घालून, न बघता, दोनचं नाणं कुठलं आणि पाचाचं कुठलं ते ओळखायचं. कपाटासमोर डोळे मिटून सुती साडी आणि रेशमी साडी वेगळी काढायची. दहात सात वेळा जमायचं, मग सहा, मग आपण वजनावरून ओळखतोय, आवाजावरून ओळखतोय, हे लक्षात यायचं आणि त्या ती परीक्षा रद्द धरायच्या. त्यांची आई, आनंदीबाई, दिवेलागणीला तांदूळ निवडायला बसायची, बोलता बोलता, ताटाकडे न पाहता, आणि खडा बरोबर तिच्या बोटाखाली यायचा. "तुझे हात माझ्यावर गेलेत," असं ती म्हणायची. श्यामलाबाईंना त्याचा फार अभिमान वाटे. देखणं रूप मिळालं नव्हतं, गळा मिळाला नव्हता. हात मिळाले होते. त्या हातांवर त्यांनी बिबवेवाडीत चौतीस वर्षं दातांचा दवाखाना चालवला होता. आता ते हात मनगटाच्या पुढे होते तसेच दिसत होते, आणि त्यांच्या आतलं कोणीतरी निघून गेलं होतं.

दवाखाना पिठाच्या गिरणीच्या वर, पहिल्या मजल्यावर. सरुबाईंनी खिडक्या उघडून, उपकरणं उकळून, खुर्चीवर धुतलेला टॉवेल टाकून ठेवला होता. सरुबाई बावीस वर्षं इथे कामाला होत्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, पण कुठल्या वेळी बाईंच्या हातात काय द्यायचं हे त्यांना न मागता कळायचं. फोन घेणं, वेळ देणं, वही ठेवणं हेही त्यांच्याकडेच. अलीकडे वहीत नावं कमी झाली होती. एके काळी बाकावर जागा मिळत नसे. आता दिवसाला दोन, फार तर तीन, तीही दात स्वच्छ करून घेणारी, कवळी सैल झालेली. लोकांना आजारी डॉक्टरकडे यायला नको वाटत असेल, अशी श्यामलाबाईंनी मनाची समजूत घालून घेतली होती. ते त्यांना लागलं होतं, आणि लागलेलं त्यांनी कोणाला दाखवलं नव्हतं.

आजची एकच, तुळजाबाई. वाघोलीच्या पलीकडच्या गावातली. गाव आता गाव राहिलं नव्हतं, तिच्या ज्वारीच्या रानात बारा मजल्यांच्या इमारती उभ्या होत्या, पण तिच्या बोलण्याला त्यातली एकही वीट लागली नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी ती गाल सुजवून, फोनबिन न करता, दोन बस बदलून सरळ येऊन बसली होती. सरुबाई तेव्हा तिच्यावर जरा जास्तच करवादल्या होत्या. "असं न विचारता येतात का? फोन करून यायचं असतं." मग आत येऊन हळूच म्हणाल्या होत्या, "बाई, ह्यांना त्या मशीनवाल्या डॉक्टरांकडे पाठवू या का? मोठं भिंग असतंय त्यांच्याकडे." श्यामलाबाईंनी त्यांना झापलं होतं. "चौतीस वर्षं मी भिंगाशिवायच करतेय ना?" तुळजाबाईच्या खालच्या डाव्या बाजूला एकच दात उरला होता आणि कवळीची तार त्याच दाताला अडकत होती. दात गेला तर कवळी बसणार नव्हती, कवळी नाही तर भाकरी नाही. श्यामलाबाईंनी मुळातली नळी उघडून घाण काढली होती आणि जंतू मरावेत म्हणून आत पांढरं औषध भरून ठेवलं होतं. आज ते औषध धुऊन काढायचं आणि नळी कायमची भरून टाकायची.

"तवा त्ये पांढरं भरलंसा, त्यो चुनाच नव्हं?" खुर्चीवर टेकता टेकता तुळजाबाईने विचारलं. "मला जिभंला चव लागली हुती. पानाला लावत्यात त्योच."

"त्याच जातीचा आहे," श्यामलाबाई म्हणाल्या. "शुद्ध केलेला."

"मंग ऱ्हाऊ द्या की आत. भिंतीला आपण चुना देतो, त्यो काय परत खरवडतो व्हय?"

सरुबाईसुद्धा हसल्या. श्यामलाबाईंनी समजावून सांगितलं, की चुन्याचं काम जंतू मारण्यापुरतं. तो आत राहिला तर वरचं भरण मुळाच्या भिंतीला धरत नाही, फट राहते, आणि फटीतून पुन्हा पू होतो. "सगळा निघायला पाहिजे. टोकाशी बसलेला तर फार चिवट असतो."

"काढा मंग," तुळजाबाई म्हणाली. "तुमी हाय म्हनून म्या आले. लेक म्हनत हुता, उपटून टाक. म्या म्हनलं, आमच्या डाक्टरीणबाईचा हात हाय त्याला." आणि तिने डोळे मिटून तोंड उघडलं. दाताभोवती रबराचा पडदा ताणून बसवल्यावर तिचं बोलणं बंद झालं. दुखलं तर डावा हात वर करायचा, असं सरुबाईंनी तिला सांगितलं.

नळीतलं औषध निघालं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. एक्स-रेवर चुना आणि दात सारखेच दिसतात. श्यामलाबाईंनी त्यासाठी आपली एक पद्धत बसवली होती. औषधी पाणी सोडून, बारीक तारेच्या फाइलने चुना मोकळा करून, पुन्हा पाणी सोडून, मग कागदाची बारीक काडी नळीत घालायची आणि बाहेर काढून काळ्या कापडावर ओढायची. पांढरी रेघ उठली तर चुना आहे. पांढऱ्या कापसावर तो कुणाला दिसणार? ते काळं कापड जुन्या छत्रीचं होतं, तुकडे कापून उकळून डब्यात ठेवलेले. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. पण कापड हे दुसऱ्यांसाठी, असं त्या मनात म्हणत. खरी साक्ष बोटांची. दातांच्या कॉलेजात दीनानाथ सर उपटलेला दात मेणात बसवून द्यायचे आणि डोळ्यांवर रुमाल बांधायला लावायचे. "हां, आता सांगा, आत काय आहे?" पहिले काही दिवस काहीच कळलं नव्हतं. मग एका दुपारी फाइलच्या टोकाशी काहीतरी मऊ, ओलसर, खडू उगाळल्यासारखं लागलं आणि त्याच्याखाली एकदम कठीण, गुळगुळीत भिंत. तेवढ्या एका केसाच्या जाडीत तिला दोन वेगळे प्रदेश कळले. श्यामला तेव्हा वीस वर्षांची होती आणि वर्गात सगळ्यांसमोर तिचे डोळे रुमालाखाली भरून आले होते. पुढे तर खालच्या गिरणीची थरथर जमिनीतून, खुर्चीतून, दातातून फाइलपर्यंत यायची, आणि ती थरथर वजा करून उरेल ते त्यांना वाचता यायचं. आता गिरणी चालू होती; पायांच्या तळव्यांना तिचा सूक्ष्म घरघराट लागत होता, तोही मोज्यावरून लागावा तसा. बोटांत काही नव्हतं. फाइलची मूठ त्यांनी धरली होती हे त्यांना दिसत होतं म्हणून त्यांना माहीत होतं.

"अजून येतंय," सरुबाई कापड दाखवत म्हणाल्या. पांढरी रेघ स्पष्ट होती. श्यामलाबाईंनी पुन्हा पाणी सोडलं, पुन्हा फाइल फिरवली. "अजून येतंय बाई." चौथ्या खेपेला रेघ अगदी शेवटी, काडीच्या टोकाला उठली; म्हणजे वरचं निघालं होतं, मुळाच्या टोकाशी, वळणापाशी, राहिलं होतं. याच जागी हात लागतो. एवढ्याशा वळणावर फाइल अडते, बोट तिला म्हणतं थांब, मागे ये, थोडं वेगळं वळण घे. श्यामलाबाई थांबल्या. मघाचा पांढरा पडलेला अंगठा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. या क्षणी चिठ्ठी लिहून त्या मशीनवाल्यांकडे पाठवून द्यावं हिला. पण मग चिठ्ठीत कारण लिहावं लागेल. आणि ते एकदा लिहिलं की उद्या अकरा वाजता कुठे जायचं? गोपाळकृष्णांसमोरच्या खुर्चीत बसून आडवे-उभे शब्द सांगायचे? त्यांना भीती वाटली, आजारपणात वाटली होती त्याहून जास्त. तेव्हा मरण्याची भीती होती. ही जिवंत राहून काहीच हातात नसण्याची होती. या बाईने आपल्या हातावर भरवसा टाकला आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि तो भरवसाच पुढे करून फाइल आत घातली, फिरवली, अजून थोडी फिरवली, बाहेर काढली आणि पाण्याची पिचकारी मागायला हात पुढे केला.

पिचकारी आली नाही. "बाई, थांबा," सरुबाई म्हणाल्या. त्यांनी बाईंच्या हातातून फाइल काढून घेतली आणि ट्रेमधल्या तशाच दुसऱ्या फाइलशेजारी काळ्या कापडावर ठेवली. एक फाइल दुसरीपेक्षा तांदळाच्या कणीएवढी आखूड होती. श्यामलाबाई बघत राहिल्या. फाइल मोडताना एक बारीक झटका बसतो, दगड बोटात वाजावा तसा. आयुष्यात दोनदा त्यांना तो बसला होता आणि दोन्ही वेळा आठवडाभर झोप उडाली होती. आज काहीच झालं नव्हतं. एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाशी वळणावर एक बारीक झळझळीत रेघ अडकून बसली होती, आणि तिच्यापलीकडे, जिथे आता कशानेच पोचता येणार नव्हतं, तिथे चुना असणारच होता. तुळजाबाई डोळे मिटून, हात पोटावर जुळवून स्वस्थ पडली होती. तिचा डावा हात एकदाही वर झाला नव्हता.

दात वरून तात्पुरता बंद करून श्यामलाबाईंनी पडदा काढला. तुळजाबाईने चूळ भरली, तोंड पुसलं. श्यामलाबाई स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या आणि जे झालं ते सांगितलं. साफ करायची तार आत मोडली आहे. तुकडा आत आहे. ज्यांच्याकडे भिंगाचं मशीन आहे ते कदाचित काढू शकतील. नाही निघाला तर दात टिकेल की नाही सांगता येत नाही.

तुळजाबाईने गालावरून हात फिरवला. "मज्यामुळं झालं का?" ती ओशाळून म्हणाली. "म्या हालले का काय? मला जरा डुलकी लागली हुती बगा."

सरुबाईंनी मान खाली घातली. एक 'हो' म्हटलं असतं तर संपलं असतं. बाईमाणूस पडत्या फळासारखं ते उचलून, वर क्षमा मागून घरी गेलं असतं. आणि श्यामलाबाईंना त्या एका क्षणात ते 'हो' ओठांवर आलेलं समजलं, आणि स्वतःची इतकी शरम वाटली की त्यांचे कान तापले.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही हलला नाहीत तुळजाबाई. माझ्या बोटांना कळलं नाही. मला बोटांनी काही कळत नाही आता. आजारपणापासून."

"कळत न्हाई म्हंजी?" तुळजाबाईने त्यांचा हात ओढून घेतला, उताणा केला आणि नांगरटीत राठ झालेल्या आपल्या नखाने त्यांच्या तर्जनीच्या टोकाला चिमटा काढला. "ह्ये कळतंय?"

"नाही."

तिने मधलं बोट घेतलं. "ह्ये?"

"नाही."

पाचही बोटं झाली. मग तिने तो हात त्यांच्या मांडीवर परत ठेवून दिला, पातेलं जागच्या जागी ठेवावं तसा. "चूल कशी करता मंग?" असं तिने मध्येच विचारलं, आणि उत्तराची वाट पाहिली नाही. उठून पदर सारखा केला, पिशवी घेतली, श्यामलाबाईंनी लिहिलेली चिठ्ठी घडी करून चोळीत खोचली. चिठ्ठीत त्यांनी सगळं लिहिलं होतं, बोटांचंसुद्धा. दारापाशी ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आधी सांगायचं की वो," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

श्यामलाबाई पेशंटच्या खुर्चीत बसल्या. चौतीस वर्षांत त्या इथे कधी बसल्या नव्हत्या. इथून छताला गेलेला तडा दिसतो हे त्यांना माहीत नव्हतं. सरुबाई उपकरणं धुवायला गेल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "मला वाटलंच होतं," असं काहीसं त्या पुटपुटल्या आणि एकदम रडायला लागल्या. "माझंच चुकलं. मी तिला तेव्हाच हाकलायला पाहिजे होती."

"हाकलायला?"

"फोन केला असता तर जमलं असतं, बाई. ती मेली फोन न करता आली." त्यांनी पदराने नाक पुसलं. "बाकीच्यांना मी सांगायचे, बाई बाहेरगावी गेल्यात. मुळाचं काम असलं की सांगायचे. दाढ दुखते म्हणाले की त्या मशीनवाल्यांचा नंबर द्यायचे. साफसफाई, कवळी, तेवढेच लोक घ्यायचे."

श्यामलाबाईंना आधी ते समजलंच नाही. मग रिकामा बाक, वहीतली कोरी पानं, खिडकीशी घालवलेल्या दुपारी, लोक आपल्याला टाळतात म्हणून गिळलेला अपमान, हे सगळं एकावर एक उभं राहिलं आणि त्याचा अर्थच फिरला. "तुम्हाला माहीत होतं?"

"तुमच्या हातून आरसा पडला होता ना, पहिल्याच आठवड्यात. पडला तरी तुमची बोटं तशीच मिटलेली राहिली होती. आरसा धरल्यासारखी." सरुबाईंनी आपली बोटं तशी करून दाखवली. "तेव्हाच कळलं मला. कसं बोलायचं बाई तुम्हाला? तुम्ही एवढ्या आजारातनं उठून आलेल्या. रोज अकराच्या आत इस्त्रीची साडी नेसून यायच्या. मी म्हटलं, येऊ देत. बसू देत. फक्त कुणाला इजा व्हायला नको. चौदा महिने सांभाळलं मी."

श्यामलाबाईंना रागावायचं होतं. आपल्या पाठीमागे आपला दवाखाना असा मिटवत आणला, बावीस वर्षं हाताखाली वावरलेल्या बाईने. आणि आपण तिलाच झापत होतो, चौतीस वर्षं भिंगाशिवाय म्हणून. पण राग धरायला आत काही सापडत नव्हतं. किती तोंडं या बाईने वाचवली असतील, आणि मलाही, रोज एक दिवस. "किती जण झाले असतील?" त्यांनी विचारलं. सरुबाई म्हणाल्या, "मोजले नाहीत."

टेबलावरचा फोन वाजला. सरुबाईंनी डोळे पुसून, सवयीने घसा साफ करून रिसीव्हर उचलला आणि "दातांचा दवाखाना" म्हणून ऐकत राहिल्या. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. श्यामलाबाई खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी रिसीव्हर त्यांच्या हातातून घेतला. नीट धरलाय की नाही हे एकदा बघून घेतलं आणि कानाला लावला. पलीकडे कोणी गृहस्थ होते. मिसेसची दाढ दोन दिवस ठणकतेय, रूट कॅनाल लागेल असं वाटतं, डॉक्टर आहेत का?

"मी डॉक्टर आगाशेच बोलतेय," श्यामलाबाई म्हणाल्या. "मी हे काम बंद केलंय. दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर देते, लिहून घ्या."

"अरेरे," गृहस्थ म्हणाले. "आमच्या सासूबाईंचे सगळे दात तुम्हीच केलेत. म्हणून खास तुम्हाला फोन केला. कधी केलंत बंद?"

सरुबाई भिंतीशी उभ्या होत्या. खाली गिरणी चालू होती.

"चौदा महिने झाले," श्यामलाबाई म्हणाल्या.